रोज एक मी!

तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता किती फोटो आहेत? चार हजार? आठ हजार? ‘स्टोरेज फुल’चा मेसेज दर आठवड्याला येत असेल, तर कमी नक्कीच नसणार. आता दुसरा प्रश्न. मागच्या मंगळवारी तुम्ही काय केलंत?

बघा, अडखळलात ना!

गोव्याची ट्रिप आठवते, मित्राच्या लग्नातला डान्स आठवतो, नव्या गाडीला घातलेला हारसुद्धा आठवतो. पण मंगळवार? ऑफिस, ट्रॅफिक, डबा, मीटिंग, पुन्हा ट्रॅफिक, झोप. असे मंगळवार वर्षाला बावन्न. बुधवार-गुरुवारही त्याच जातकुळीतले. म्हणजे आपण ज्याला झोकात ‘माझी लाइफ’ म्हणतो, त्यातला बहुतेक माल हा असाच असतो. कुणी न टिपलेला, कुणाला न आठवणारा.

यावर एक सोपा, फुकट आणि थोडासा येडचाप उपाय आहे. रोज स्वतःचा एक फोटो काढायचा. रोज म्हणजे रोज. नटूनथटून नाही, समुद्रकिनारी नाही, ओठांचा चंबू करून तर नाहीच नाही. त्याच जागी, त्याच वेळी, असाल तसे. हा उद्योग मी वर्षभर केला. तोही गोंदियात.

गोंदिया? ते कुठे आलं?

पुण्यात नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्याचं उत्तर रेकॉर्ड करून ठेवावं म्हणते. ‘छत्तीसगडमध्ये ना?’ हा एक गट. ‘बापरे, नक्षलवाले ना?’ हा दुसरा. तर मंडळी, गोंदिया महाराष्ट्रातच आहे. अगदी पूर्वेच्या टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला खेटून. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला. राइस मिलांचं गाव. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस अख्खं राज्य आडवं कापत जिथे येऊन थांबते, ते आमचं स्टेशन.

कंपनीने घरून कामाची मुभा दिली, तशी मी पुण्यातली रूम सोडली आणि आईबाबांकडे आले. भाडं वाचलं, डब्याचे पैसे वाचले, आईच्या हातचा भात सुरू झाला. पण मनात एक किडा वळवळत होताच. मैत्रिणींचे वीकेंडचे फोटो यायचे. कॅफे, ट्रेक, कॉन्सर्ट. आणि माझं काय? तिशीच्या उंबरठ्यावरचं एक पूर्ण वर्ष, आणि पुढे कुणी विचारलं तर सांगायला ‘घरी होते’ एवढे दोनच शब्द. हे वर्ष कोरं जाणार, ही धास्ती खरी होती.

म्हणून २०२४च्या १ मेला, जिल्ह्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, सुट्टीचा मुहूर्त गाठून मी सुरुवात केली. जागा ठरली, आमच्या घराचा व्हरांडा. कॉलनीतलं शेवटचं घर. पुढे गेट, गेटपलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे धानाच्या बांध्या. वेळ ठरली सकाळी नऊ-दहा. साडेनऊला टीमचा कॉल असतो, त्याच्या वीस मिनिटं आधी. फोन खिडकीच्या गजाला रबरबँडने बांधायचा, दहा सेकंदांचा टायमर लावायचा आणि पळत जाऊन समोर उभं राहायचं.

पहिल्याच आठवड्यात बाबांनी चहाच्या कपावरून शेरा मारला, ‘रोज तेच थोबाड काढून राहिली बेटा. बदलते काय त्यात काही?’

बाबा निवृत्त शिक्षक. झेडपीच्या शाळेत आयुष्य गेलं. मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही नाही का रोज टाचणवही भरायचे? तसंच आहे हे.’ यावर ते नुसतं हसले. उद्या काय शिकवायचं ते आदल्या दिवशी लिहून ठेवायची ती वही त्यांनी वर्षानुवर्षं भरली होती. त्यामुळे रोज एकच काम करण्याला नावं ठेवायची सोयच उरली नाही.

येडे आपण एकटेच नाही

हा फंडा काही मी शोधला नाही, आणि सेल्फी नावाची चीजही मोबाइलवाल्यांनी शोधलेली नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या गृहस्थाने १८३९मध्येच कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढून ठेवला होता. विस्कटलेले केस, हाताची घडी. आजच्या प्रोफाइल पिक्चरमध्ये सहज खपून जाईल! ‘सेल्फी’ हा ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द ठरला तो २०१३मध्ये. म्हणजे पावणेदोनशे वर्षं उशिरा.

आपल्याकडेही असा एक पठ्ठ्या होऊन गेला. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग शेरगिल (१८७०-१९५४). संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची अनेक दशकं हा माणूस घरच्यांचे आणि स्वतःचे फोटो काढत राहिला. कधी पुस्तकात डोकं खुपसलेला, कधी योगासनं करताना, कधी नुसताच विचारात. तरुणपण ते म्हातारपण सगळं एकाच माणसाने स्वतःच टिपलेलं. त्यांचे नातू, चित्रकार विवान सुंदरम यांनी पुढे याच जुन्या फोटोंतून नवी चित्रं रचली आणि सगळ्या घराण्याची गोष्ट नव्याने मांडली. आजोबांनी फोटो जपून ठेवले नसते, तर नातवाने काय रचलं असतं?

रोजच्या रोज, न चुकता, असा नेम धरणाऱ्यांत बोस्टनचे कार्ल बेडन हे एक नाव. २३ फेब्रुवारी १९८७ला त्यांनी सुरुवात केली. तोच कॅमेरा, तीच पांढरी भिंत, तोच निर्विकार चेहरा. पहिल्या कित्येक वर्षांत फक्त एक दिवस हुकला. १५ ऑक्टोबर १९९१. सकाळच्या घाईत विसरले, बस्स. एक दिवस हुकला म्हणून त्यांनी दुकान बंद केलं नाही, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

पण हे वेड जगभर पसरलं ते नोआ कलिनामुळे. ११ जानेवारी २००० रोजी, एकोणिसाव्या वर्षी या पोराने रोज आपला फोटो काढायला घेतला. २००६च्या ऑगस्टमध्ये सहा वर्षांचे फोटो एकापाठोपाठ एक लावून जेमतेम सहा मिनिटांची फिल्म यूट्यूबवर टाकली. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. पुढच्याच वर्षी ‘द सिम्पसन्स’ने तिची नक्कल केली, म्हणजे बघा! त्यात तो चक्क काही करत नाही. नुसता बघतो. केस वाढतात, कापले जातात. मागच्या खोल्या बदलतात, माणसं येतात, जातात. चेहरा तोच. पाहता पाहता आपल्याच पोटात कालवाकालव होते.

आणि जेमी लिव्हिंग्स्टन. न्यूयॉर्कचा हा फोटोग्राफर रोज एक पोलरॉइड काढायचा. एकच. दुसरा चान्स नाही. ३१ मार्च १९७९ला सुरुवात केली. कधी स्वतःचा फोटो, पण जास्त करून मित्र, जेवणाची ताटं, पसारा, रस्ते. शेवटच्या वर्षातले फोटो पाहताना दवाखाना दिसू लागतो. २५ ऑक्टोबर १९९७ला, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, तो ब्रेन ट्यूमरने गेला. शेवटचा फोटो त्याच दिवशीचा. मागे राहिले सहा हजारांहून अधिक पोलरॉइड. मित्रांनी ते जगापुढे आणले. त्यातला एकेक फोटो वेगळा काढून बघितला तर काहीच खास नाही. कुणीतरी कुणाच्या तरी घरी जेवतंय. पण सगळे एकत्र बघताना एक माणूस अख्खा समोर उभा राहतो.

मी नव्हे, माझ्यामागे

आता माझ्या अल्बमकडे. पहिला महिना महाबोअर! मे महिन्यातलं गोंदिया म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास, कूलरची घरघर आणि नऊ वाजताच डोक्यावर दुपट्टा. तीस फोटो, तीसही सारखे. घामट चेहरा आणि मागे तपकिरी, भेगाळलेली बांधी. सोडून द्यावं असं वाटलं होतं.

मग पाऊस आला. आणि माझ्या लक्षात आलं की या फोटोंत हिरॉइन मी नाहीच. हिरॉइन मागे आहे!

जूनअखेरीस बांधीच्या एका कोपऱ्यात पऱ्ह्यांचा हिरवा चौकोन उमटला. नुकत्याच वर आलेल्या धानाच्या रोपांचा. रोज तो एकेका नखाएवढा दाट होत गेला. फोटो क्रमांक ७९, १८ जुलै. रोवणी सुरू. (तुमच्याकडे भाताची लावणी, आमच्याकडे धानाची रोवणी!) माझ्या उजव्या खांद्यामागे बायांची वाकलेली रांग, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, गुडघाभर चिखल. इकडे मी कॉलवर ‘कॅन यू हिअर मी?’ करणार, तिकडे त्या गाणी म्हणत मागे मागे सरकणार. त्या चार दिवसांत माझ्या सगळ्या मीटिंगांना रोवणीच्या गाण्यांचं पार्श्वसंगीत होतं. बॉसने विचारलंही, ‘कुठे फंक्शन आहे का?’

फोटो १२६. ३ सप्टेंबर, तान्हा पोळा. शेजारचा पिंट्या ऐन क्लिकच्या वेळी लाकडी बैल घेऊन फ्रेममध्ये घुसलाय. वर्षातला माझा सगळ्यात हसरा फोटो हाच. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी मंगळवार होता!

फोटो १९०. डोळे लालबुंद, केसांचं घरटं. आदल्या रात्री नातेवाइकांच्या गावी झाडीपट्टीचं नाटक बघितलं होतं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि मंडप टाकून रात्रभर नाटक रंगतं. पहाटेपर्यंत माणसं जागची हलत नाहीत. पुण्यात दीड तासाच्या नाटकात मोबाइल चाळणाऱ्यांनी एकदा येऊन बघावंच. तोवर मागची बांधी सोनेरी झालेली. मग धान कापलं गेलं, पुंजणे रचले गेले. आणि आता सगळं उजाड होणार असं वाटेपर्यंत त्याच ओलीवर लाखोळी हिरवीगार उगवून आली. जानेवारीत विदर्भातलं सर्वांत कमी तापमान पुष्कळदा गोंदियाचंच असतं, म्हणून त्या महिन्यात कंपनीच्या हूडीवर आईची शाल. मागे धुकं. बांधी नाही, रस्ता नाही, गेटसुद्धा अर्धंच.

आणखी एक शोध. अप्रेझलच्या दिवसाचा माझा फोटो आणि गॅस सिलिंडर वेळेवर आला त्या दिवसाचा फोटो शेजारी ठेवून पाहिले. सिलिंडरच्या दिवशी मी जास्त खुश दिसते!

एकाच जागी रोज उभं राहून बघण्याची ही रीत आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. गोंदियाहून दक्षिणेला नवेगावबांधचा तलाव आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला. याच तलावाकाठी मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. मूळचे सोलापूरचे. त्यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकाचं नावच बघा ना. नवेगावबांधचा वाघ नाही, नवेगावबांधचा थरार नाही. दिवस! तेच पाणी, तीच झाडं, तेच पक्षी. पण रोज बघितलं, रोजचं नोंदवलं आणि त्या नोंदींतून पक्ष्यांचं, झाडांचं, रानातल्या शब्दांचं केवढं तरी भांडार मराठीत आलं. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. पाहुण्याला तलाव एका दुपारी ‘बघून होतो’. राहणाऱ्याला तो कधीच बघून होत नाही.

गडवा

आता मुख्य गोष्ट. ही सांगण्यासाठीच खरं तर या आठवड्याचा कॉलम राखून ठेवला होता.

फोटोंची डबल सेंचुरी झाली तो दिवस १६ नोव्हेंबर, शनिवार. म्हटलं, सेलिब्रेट करू. दोनशे फोटोंचा स्लाइड शो बनवला, सेकंदाला चार फोटो. टीव्हीला जोडला आणि आईबाबांना समोर बसवलं. पन्नास सेकंदांचा पिक्चर. माझे केस वाढले, कापले, बांधी हिरवी झाली, पिवळी झाली, पिंट्या आला, गेला. आम्ही जाम हसलो. आई म्हणाली, ‘लाव वं पुन्हा.’

दुसऱ्यांदा लावला. या वेळी आई हसेना.

‘अहो, तुमचा सदरा बघा.’

माझ्या डाव्या खांद्यामागे, व्हरांड्याच्या टोकाला बाबांची खुर्ची असते. नऊच्या सुमारास ते तिथे पेपर वाचत बसतात. त्यामुळे जवळपास प्रत्येक फोटोत तेही होते. तीच खुर्ची, तेच तीन-चार सदरे. मे महिन्यात खांद्यावर नीट बसलेला निळा सदरा नोव्हेंबरात हँगरला लटकवल्यासारखा दिसत होता. मनगटावरचं स्टीलचं घड्याळ घसरून पार तळहाताच्या मुळाशी आलेलं. आम्ही तिघं एका घरात, एका टेबलावर दोन वेळा जेवणारी माणसं. बाबा थोडे बारीक झालेत असं कधीमधी बोलणं व्हायचंही. पण पाऊसपाणी, सकाळचं फिरणं, वय... कारणं काय, हवी तेवढी असतात.

मी फोटो एकेक करून मागे नेले. आणि मग तो दिसला. खुर्चीशेजारच्या स्टुलावर मे ते ऑगस्ट फक्त चहाचा कप आहे. ८ सप्टेंबरला कपाशेजारी पाण्याचा गडवा आला. पुढे दोन दिवस नाही, मग पुन्हा आहे. २० सप्टेंबरनंतर रोज आहे. ऑक्टोबरमध्ये तर भर थंडाव्यात, सकाळी नऊ वाजता, गडव्यासोबत भांडंही भरलेलं.

आई हळूच म्हणाली, ‘रात्रीही उठून पाणी पितात.’

बाबांनी नेहमीप्रमाणे ‘काही नाही होत’ लावलं. पण टीव्हीवर त्यांचेच दोन फोटो शेजारी शेजारी होते, मे आणि नोव्हेंबर. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘सोमवारी दाखवून येऊ.’

सोमवारी डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. उपाशीपोटी शुगर अडीचशेच्या वर. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘कधीपासून होतंय हे?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं, ‘झाले असतील पंधरा-वीस दिवस.’ बाबांनीही तेच दिलं. मी फोन पुढे केला. ‘डॉक्टर, गडवा ८ सप्टेंबरला आलाय. घड्याळ सैल दिसतंय ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून.’ डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो पुढे-मागे करून पाहिले. म्हणाले, ‘पेशंट असा हिशेब घेऊन आले तर माझं अर्धं काम होईल.’

मग त्यांनी एचबीए१सी नावाची तपासणी लिहून दिली. साधी शुगर त्या घडीची असते. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. म्हणजे आदल्या रात्री जिलेबी खाल्ली की नाही याने फारसा फरक पडत नाही, महिनोन्‌महिने काय चाललंय ते ती बोलते. ऐकताना मला वाटलं, अरे, माझा अल्बम तरी दुसरं काय करतोय!

सुदैवाने डोळे ठीक, किडनी ठीक, पाय ठीक. गोळ्या सुरू झाल्या. भाताचा डोंगर जाऊन टेकडी आली. (तांदळाच्या जिल्ह्यात हे सोपं नाही हो. आईचा जीव कासावीस व्हायचा.) सकाळ-संध्याकाळ चालणं आलं. म्हणूनच फेब्रुवारीपासूनच्या माझ्या फोटोंत मागची खुर्ची रिकामी आहे. घाबरू नका, बाबा फिरायला गेलेले असतात! कधी कधी गेटमधून आत येताना पकडले जातात. स्टुलावर गडवा नाही. घड्याळाच्या पट्ट्याच्या दोन कड्या काढून घेतल्यात.

रोज बघतो, म्हणून दिसत नाही

आता कुणी म्हणेल, म्हणजे सेल्फी काढा आणि डायबेटीस ओळखा? अजिबात नाही! तपासणी रक्ताचीच करायची, आणि चाळिशीनंतर वर्षातून एकदा करायचीच. घरात कुणाला खूप तहान लागत असेल, सारखं लघवीला जावं लागत असेल, विनाकारण वजन उतरत असेल, तर अल्बम न बघताही डॉक्टर गाठायचा. माझा मुद्दा जरा वेगळा आहे.

सहा महिन्यांनी भेटणाऱ्या मावशीला एका नजरेत कळतं, ‘अगं, काय झालं तुला?’ रोज भेटणाऱ्याला कळत नाही. यात कुणाचा निष्काळजीपणा नसतो. नजरेचा स्वभावच तो. आजचं चित्र ती कालच्या चित्राशी ताडून बघते, आणि काल-आजमध्ये फरक असतो केसभराचा. मे महिन्याचं चित्र तिच्याकडे उरलेलंच नसतं. रोजचा फोटो एवढंच करतो, मे महिना सांभाळून ठेवतो. घरातच राहून कधीतरी मावशीच्या नजरेने बघायची सोय!

आणि हे फक्त आजारपणाचं नाही. तुमच्या रूममेटचं हसणं कमी झालंय का? बाल्कनीतलं गुलमोहराचं झाड कधी गायब झालं? आई स्वयंपाकघरात स्टूल घेऊन कधीपासून बसायला लागली? या सगळ्या गोष्टी मंगळवारी होतात. ट्रिपच्या फोटोंत त्या येत नाहीत, कारण ट्रिपला आपण सगळं मागे टाकून गेलेलो असतो. नेमकं त्या ‘मागे’च सगळं चाललेलं असतं.

आणि तुम्ही पुण्यात, आईवडील गावी, अशी स्थिती असेल तर? (आपल्यातल्या अर्ध्याअधिक लोकांची असतेच.) मग त्यांनाच कामाला लावा. आता मला पुण्याच्या ऑफिसात महिन्याकाठी आठवडाभर जावं लागतं. तेव्हा खिडकीच्या गजावर आईचा फोन असतो आणि फोटो येतो आईबाबांचा. पहिल्या फोटोत आईचं अर्धं कपाळ आणि पंखा होता. आता पठ्ठी टायमर लावून पळत येते! ‘जेवलात का, बरे आहात का’ला फोनवर ‘हो’ हेच उत्तर मिळतं. फोटो जरा जास्त खरं बोलतो.

करायचंय? मग हे वाचा

जागा एकच. बाथरूमचा आरसा नको, तिथे मागे टाइल्सशिवाय काही नाही. बाल्कनी, दार, स्वयंपाकघर, बसस्टॉप, जिथे मागे कुणीतरी जगतंय अशी जागा निवडा.

वेळ एकच. रोजच्या एखाद्या सवयीला बांधून टाका. पहिला चहा, बूट घालणं, लिफ्टची वाट बघणं. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हणालात की मेलात.

फ्रेम सैल ठेवा. चेहरा फोटोच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. उरलेली जागा दुनियेसाठी.

फिल्टर बंद. ब्यूटी मोड तर आधी बंद! गोरं करणारा कॅमेरा थकवाही पुसतो, आणि आपल्याला थकवाच तर बघायचाय.

डिलीट करायचं नाही. डोळे मिटलेत? राहू द्या. तोंडात ब्रश आहे? उत्तम! खराब फोटो म्हणून जो काढून टाकाल, नेमका त्यातच गडवा असेल.

एक ओळ लिहा. फोटोखाली तारीख आणि फक्त एक ओळ. ‘लाइट गेली.’ ‘पोहे.’ ‘तिचा फोन नाही आला.’ निबंध नको.

मागच्यांना विचारा. घरच्यांना, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्यांना सांगून ठेवा. बाबांचे हे फोटो आणि ही गोष्ट मी त्यांना विचारूनच इथे लिहिली. ‘लिही, कुणाला तरी उपयोग होईल’ म्हणाले. (‘गडव्याऐवजी थर्मास लिही, बरं दिसेल’ ही आईची सूचना मात्र फेटाळण्यात आली.)

पोस्ट करू नका, निदान शंभर दिवस तरी. एकदा लाइक मोजायला लागलात की चेहरा बदलतो, जागा बदलते आणि खेळ संपतो.

दोन ठिकाणी साठवा. फोनवर आणि आणखी एका ठिकाणी. फोन हरवतो, चोरीला जातो, वर्षभराचे मंगळवार घेऊन पाण्यात पडतो.

दिवस हुकला तर पुढच्या दिवशी सुरू करा. कार्ल बेडन यांचा १५ ऑक्टोबर आठवतोय ना? बस्स.

आणि महिन्यातून एकदा, शक्यतो घरच्यांना सोबत घेऊन, सगळे फोटो भरभर फिरवून बघा. ही पायरी गाळू नका. नुसते काढलेले आणि कधीच न बघितलेले फोटो तर आपल्याकडे आधीच आठ हजार आहेत!

हे वाचताय तो दिवस बहुधा वीकेंडचा असेल. मग सोमवारपासून वगैरे नको, सोमवारी जिम आणि डाएट सुरू करायचं असतं. मंगळवारपासून करा. स्वतःकडे एकदा बघून घ्या, काही बिघडत नाही, आपण बरेच दिसतो. मग जरा मान वाकडी करून खांद्यामागे कोण आहे तेही बघा.